भेटीचा खर्च कुठल्या खात्यात?



आपल्या धर्मग्रामातील एका गृहस्थांचा धंदा हॉटेलांचे कपडे धुण्याचा आहे. कार्ल्यापासून लोणावळ्यापर्यंत जी लहानमोठी हॉटेले आणि रिसॉर्ट उभी राहिली आहेत, त्यांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल ते रोज नेतात आणि इस्त्री करून परत पोचवतात. महिन्यातून एकदा ते प्रत्येक ठिकाणी स्वतः जातात. तसे काम काहीच नसते. मॅनेजरबरोबर चहा होतो, पावसाच्या आणि गिऱ्हाइकांच्या गोष्टी होतात, मागच्या बाजूला कपडे मोजून देणाऱ्या मुलाशी दोन शब्द होतात आणि ते घरी येतात. आता त्यांचा मुलगा हिशेब पाहतो. त्याने एक दिवस कागद पुढे ठेवला. महिन्याचे चार दिवस आणि तेवढे पेट्रोल या फेऱ्यांत जाते. ऑर्डर व्हॉट्सॲपवर येते, बिल ई-मेलने जाते, पैसे बँकेत जमा होतात. "बाबा, हा खर्च मी कुठल्या खात्यात टाकू?"

हा प्रश्न घेऊन ते आमच्याकडे आले खरे, पण त्यांच्या मनात सलत होते ते दुसरेच. जाताना ते म्हणाले, "फादर, मी त्या लोकांच्या मुलाबाळांची चौकशी करतो ती ऑर्डर टिकावी म्हणूनच ना? मग हे ढोंग नाही का?"

दोन्ही प्रश्न चांगले आहेत. दुसरा पहिल्याहून फार जुना आहे. आधी पहिला घेऊ, कारण त्यावर अलीकडे बरेच संशोधन झाले आहे.

२०१७ साली महदी रोघनीझाद आणि व्हॅनेसा बोन्स या दोन अभ्यासकांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. ४५ जणांनी मिळून ४५० अनोळखी माणसांना एक लहानशी प्रश्नावली भरून द्यायची विनंती केली. काहींनी समोर जाऊन विचारले, काहींनी ई-मेल पाठवला. विनंतीचे शब्द सगळ्यांचे सारखेच होते. विचारणाऱ्यांचा अंदाज असा होता की दोन्हींचा परिणाम साधारण सारखाच होईल. प्रत्यक्षात समोर जाऊन केलेली विनंती ई-मेलपेक्षा ३४ पट अधिक फळली. २०२२ साली 'नेचर' या नियतकालिकात आणखी एक अभ्यास आला. पाच देशांतील १,४९० अभियंत्यांच्या जोड्या लावून त्यांना नव्या कल्पना सुचवायला सांगितले होते. एका खोलीत बसलेल्या जोड्यांना पडद्यावर भेटलेल्या जोड्यांपेक्षा जास्त कल्पना सुचल्या. मात्र सुचलेल्या कल्पनांतून चांगली कोणती हे निवडण्यात पडद्यावरचे लोक मागे पडले नाहीत. हे दुसरे वाक्य पुष्कळदा सांगायचे राहून जाते, म्हणून मुद्दाम लिहितो.

पण ३४ पट का? विनंती तीच, शब्द तेच. मग जास्तीचे काय होते? मराठीत याला एक शब्द आहे, आणि तो आपण रोज वापरतो: भीड. समोर उभ्या माणसाला 'नाही' म्हणणे जड जाते. पत्र बाजूला ठेवता येते, फोन कट करता येतो, माणूस असा बाजूला ठेवता येत नाही. आपल्या पूर्वजांना ही भीड चांगली ठाऊक होती आणि तिच्याविषयी त्यांचे मत फारसे चांगले नव्हते. भीड ही भिकेची बहीण, असे ते म्हणत. भिडेपोटी जामीन राहून घर घालवलेली माणसे प्रत्येक गावात असतात. तेव्हा भेटीचा फायदा केवळ भिडेपुरता असेल, तर आमच्या या गृहस्थांचा सल खोटा नाही.

आम्हांला वाटते की फायदा त्याहून वेगळा आहे, आणि तो समजायला त्या मुलाचा हिशेबच उपयोगी पडतो. एक संदेश शंभर जणांना एकाच वेळी पाठवता येतो. एक मंगळवार मात्र एकालाच देता येतो. जो माणूस आपला मंगळवार आपल्याला देऊन जातो, त्याने बोलून न दाखवता एक गोष्ट सांगितलेली असते, आणि ती खर्च झाली आहे म्हणूनच खरी वाटते. फुकटात होणारी भेट एवढे सांगू शकली नसती. दुसरे असे, की ज्या मॅनेजरने या गृहस्थांबरोबर वर्षभर चहा घेतला आहे, तो पावसाळ्यात चादरी दमट आल्या तर आधी फोन करील, दुसरा धोबी मागाहून शोधील. कराराच्या कागदावर दर असतो, मुदत असते. ऐन शनिवारी गाडी घाटात अडकली, वीज दिवसभर गेली, मशिन बंद पडले तर काय, हे सगळे कुठलाही कागद आधीपासून लिहून ठेवू शकत नाही. कागद संपतो तिथे ओळख कामाला येते.

हे आपल्या कार्ल्याला बाहेरून कोणी शिकवायला नको. आपल्या डोक्यावरच्या डोंगरात जी लेणी आहेत, ती बोरघाटाच्या जुन्या व्यापारी वाटेवरची आहेत. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून माल चढून देशावर जाई तो या बाजूने. तिथले ते १२४ फूट लांबीचे चैत्यगृह बांधवले कोणी, हे भिंतींवर आणि खांबांवर ब्राह्मी अक्षरांत लिहिलेले आहे. वैजयंती म्हणजे आजच्या कर्नाटकातील बनवासी. तिथल्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने हे शैलगृह पूर्ण केले आणि जंबुद्वीपात याहून उत्तम दुसरे नाही, असे अभिमानाने कोरून ठेवले. धेनुकाकट गावचा सुतार सामी आहे, त्याच गावचा सुगंधी द्रव्ये विकणारा सिंहदत्त आहे, आणि यवन म्हणवणारे कितीतरी दाते आहेत. शेकडो मैलांवरची, निरनिराळ्या भाषांची ही माणसे. त्यांच्या दानामागे धर्मभावना होतीच. पण ज्या वाटेवर पुन्हा पुन्हा यायचे, त्या वाटेवरच्या लोकांच्या नजरेसमोर आपले नाव राहावे, असेही त्यांना वाटले असावे. सुट्टीच्या दिवशी एकवीरेच्या पायऱ्यांवरची गर्दी चुकवून कधी लेण्यात गेलात तर खांबांवरची नावे जरूर पाहा.

याच लेण्यातील भिक्षूंना करजिक गाव दान देणारा उषवदात हा क्षत्रप नहपानाचा जावई. त्याचा दुसरा एक लेख नाशिकच्या पांडवलेण्यांत, दहाव्या लेण्यात आहे. त्यात एक व्यवहार नोंदलेला आहे. उषवदाताने गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे मिळून ३,००० कार्षापण ठेव ठेवली. एकीकडे २,००० दरमहा शेकडा एक व्याजाने, दुसरीकडे १,००० दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजातून भिक्षूंचा वस्त्रांचा व इतर खर्च चालवायचा. पहिल्या ठेवीचे व्याज वर्षाला २४० होते आणि वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा, असा हिशेब चोख बसतो. पण आम्हांला त्यातले शेवटचे कलम महत्त्वाचे वाटते. हा सगळा व्यवहार निगमसभेत वाचून ऐकवला, आणि मग फलकावर नोंदवला, असे लेख सांगतो. आधी सभेत ऐकवणे, मग लिहिणे. ज्यांनी पैसे घेतले ते विणकर आणि ज्यांच्यात ते राहत होते ते नगर, सगळे समोर. राजाचा जावई असूनही त्याने असे केले. पुढे आपल्या मावळात वतनाचे तंटे गोतसभेत तुटत, आणि महजरावर पाटलाचा नांगर, बलुतेदारांची हत्यारे निशाणी म्हणून उमटत, त्यामागेही हीच रीत होती.

आता दुसरा प्रश्न. लाभासाठी केलेली ओळख ढोंग आहे काय?

ॲरिस्टॉटलने मैत्रीचे तीन प्रकार सांगितले: उपयोगापायी झालेली, आनंदापायी झालेली आणि एकमेकांच्या चांगुलपणामुळे झालेली. सेमिनरीत हा भाग शिकताना बहुतेक विद्यार्थी पहिल्या प्रकाराला नाक मुरडतात. पण ॲरिस्टॉटल उपयोगाच्या मैत्रीला खोटी म्हणत नाही, तो तिला अपुरी म्हणतो. उपयोग संपला की ती संपते, एवढेच. फसवणूक होते ती एका प्रकारची मैत्री दुसऱ्या प्रकारची म्हणून खपवली तर. आमचे गृहस्थ मॅनेजरला 'तुम्ही माझ्या सख्ख्या भावासारखे' असे म्हणून दर वाढवून घेत असतील, तर ते ढोंग. 'मी कपडे धुतो, तुम्ही देता, आपले बरे चालले आहे, मुलीची दहावी कशी गेली?' हे ढोंग नव्हे. दोघांनाही ठाऊक आहे की चहा कशामुळे आहे. आणि तोच म्हणतो की एकत्र मीठ खाल्ल्याशिवाय माणसे एकमेकांना ओळखत नाहीत. म्हणजे मोठ्या मैत्रीची वाटही ताटावरूनच जाते.

संत पौल करिंथला गेला तेव्हा अक्विला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याकडे का उतरला, ते प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात सांगितले आहे: ते आणि तो एकाच धंद्याचे, तंबू करणारे होते. ओळख धंद्यामुळे झाली. पुढे त्याच जोडप्याने त्याच्यासाठी आपला जीव धोक्यात घातला, असे तो स्वतः रोमकरांना लिहितो. ओळख कशामुळे झाली यावरून ती कुठे जाईल हे ठरत नाही.

इथवर सगळे भेटीच्या बाजूने झाले. पण दुसरी बाजू आहे, आणि ती हलकी नाही.

जुन्या बैलबाजारात भाव कसा ठरे हे ज्येष्ठांनी पाहिले असेल. दोघे व्यापारी समोरासमोर उभे राहत, हातावर रुमाल टाकत आणि रुमालाखाली बोटे दाबून आकडा सांगत. यापेक्षा जवळची भेट काय असणार? त्वचेला त्वचा लागलेली. आणि ज्याचे जनावर, तो शेतकरी दोन हातांवर उभा असून त्याला आकडा कळत नसे. धान्याच्या आणि भाजीच्या बाजारातही असले खेळ पुष्कळ झाले. म्हणूनच १४ एप्रिल २०१६ पासून 'ई-नाम' ही राष्ट्रीय कृषी बाजाराची संगणकीय व्यवस्था सुरू झाली. तिच्यात बोली लावणाऱ्यांनी आधी एकमेकांना डोळा घालण्याची सोय उरत नाही. आयकर खात्याने तर १३ ऑगस्ट २०२० पासून करदाता आणि अधिकारी यांची गाठच पडू नये अशी योजना आणली. तिचे नावच 'फेसलेस', चेहरा नसलेली. सरकारनेच मान्य केले की काही ठिकाणी तोंड न दिसणे हे न्यायाला अधिक सोयीचे आहे.

आणि ज्यांच्या आडनावावरून, रंगावरून, बोलण्याच्या ढबेवरून दार अर्धेच उघडते, त्यांना विचारा. इंटरनेटवर माल विकणाऱ्या बाईला कोणी विचारत नाही की तुम्ही मूळच्या कुठल्या. माल चांगला असेल तर जातो. आपल्या समाजातीलही काही जणांना घर भाड्याने शोधताना हा अनुभव आला आहे: फोनवर जागा रिकामी होती, भेटीत भरली. चेहरा पाहून माणुसकी जागी होते, हे अर्धेच खरे आहे. चेहरा पाहून पूर्वग्रहही जागा होतो.

मग धरायचे काय?

अमेरिकेत येल विद्यापीठात स्टॅन्ली मिलग्रॅम या मानसशास्त्रज्ञाने १९६१ पासून एक प्रयोग मालिका केली. तिच्यावर पुढे बरीच टीकाही झाली, पण ती इथे फार उपयोगी आहे. साध्या नागरिकांना सांगितले जाई की शेजारच्या खोलीतील माणूस उत्तर चुकला की त्याला विजेचा धक्का द्या, आणि प्रत्येक वेळी धक्का वाढवा. धक्के खोटे होते, ओरडणारा माणूस नाटक करत होता. बटण दाबणाऱ्याला ते माहीत नव्हते. पलीकडचा माणूस दिसत नव्हता तेव्हा ६५ टक्के लोक शेवटच्या ४५० व्होल्टपर्यंत गेले. तोच माणूस एका खोलीत समोर बसवला तेव्हा ४० टक्के. त्याचा हात स्वतः धरून पट्टीवर ठेवावा लागला तेव्हा ३० टक्के. दुःख सोसणारा जितका जवळ, तितकी क्रूरता कमी. पण दुसराही एक फेरफार मिलग्रॅमने केला होता. हुकूम देणारा शास्त्रज्ञ खोलीतून बाहेर गेला आणि फोनवरून हुकूम देऊ लागला. तेव्हा हुकूम पाळणारे सुमारे वीस टक्क्यांवर आले.

म्हणजे एकाच खोलीत दोन चेहरे होते. एकाच्या समोर असण्याने माणूस दयाळू झाला, दुसऱ्याच्या समोर असण्याने निष्ठुर. भीड दोघांचीही होती. हुकूम देणारा समोर आणि सोसणारा भिंतीपलीकडे, ही मांडणी सर्वांत वाईट ठरली. आणि आज मोठ्या व्यवहारांची मांडणी पुष्कळदा नेमकी अशीच असते. साहेब रोज समोर असतो. ज्याच्यावर निर्णय पडणार तो यादीतले नाव असतो.

२०२० च्या टाळेबंदीत आपल्यातल्या काही तरुणांनी नोकरी गमावली. एकाला ती गेल्याचे कळले ते सकाळी कॉम्प्युटर उघडेना तेव्हा. अमेरिकेत 'बेटर डॉट कॉम' या गृहकर्जाच्या कंपनीचे प्रमुख विशाल गर्ग यांनी १ डिसेंबर २०२१ रोजी झूमवर एकाच वेळी सुमारे ९०० लोकांना कामावरून काढले. तीन मिनिटांच्या आत सगळे आटोपले. नंतर त्यांनी माफी मागितली. लोक म्हणाले, पडद्यावरून काढले हे वाईट. आम्हांला वाटते, पडदा ही खरी अडचण नव्हती. त्यांचा चेहरा सर्वांना दिसतच होता. अडचण ही की कोणालाही उलट एक शब्द बोलता येत नव्हता. प्लेटोने लिहिलेल्या शब्दांविषयी तक्रार केली आहे की त्यांना काहीही विचारा, ते तेच तेच पुन्हा सांगतात. त्या तीन मिनिटांत जिवंत माणूस लिहिलेल्या शब्दासारखा झाला होता. आणि उलट, आखातात कामाला गेलेला मुलगा रात्री व्हिडिओवर आईशी बोलतो, तिने 'जेवलास का' विचारल्यावर एक क्षण थांबतो, आणि ती तेवढ्यावरून ओळखते. ती भेटच आहे, तुटकी असली तरी.

तेव्हा समोरासमोर येण्याचे मोल आम्ही असे मानतो: त्यात आपण दुसऱ्याच्या उत्तराच्या टप्प्यात येतो. आपण समोरच्याचे मन वाचतो म्हणून भेट मोलाची, हा समज आहे. गोड बोलून ठेवी गोळा करणारे भामटे घरी येऊन, चहा पिऊनच फसवतात, तेव्हा आपल्याला काही वाचता येत नाही. भेटीत खरा बदल होतो तो भेटायला जाणाऱ्यात. त्याला 'नाही' ऐकावे लागते. 'मागच्या वेळी तुम्ही असे म्हणाला होता' हे ऐकावे लागते. संत योहानाने आपल्या एका छोट्या पत्राच्या शेवटी म्हटले आहे की लिहिण्यासारखे पुष्कळ आहे, पण कागद आणि शाईने ते करायचे नाही, येऊन तोंडोतोंड बोलेन. जो येतो त्याला उलट बोलता येते, हे त्याला ठाऊकच असणार.

मग मोजायचे ते हे: आपण कोणाला भेटायला जातो, आणि कोणाला भेटायचे टाळतो. ज्याच्याकडून काही मिळायचे त्याच्याकडे आपण पेढे घेऊन जातो. ज्याच्याकडून काही घ्यायचे, त्याच्याकडे माणूस पाठवतो.

आपल्या शेजारच्या मुळशीत शंभर वर्षांपूर्वी हे घडले. वीजनिर्मितीसाठी टाटांच्या कंपनीने मुळा आणि नीला यांच्या संगमाजवळ धरण बांधायला घेतले. मुंबईला वीज हवी होती, आणि ती गरज खोटी नव्हती. आपल्या वळवण तलावाचे पाणी तेव्हा खोपोलीला वीज करतच होते. पण कसणाऱ्या मावळ्यांना विचारण्याआधीच त्यांच्या शेतांत चाचणीचे चर खणले गेले. १९२१ च्या रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट हे नाव त्यातूनच घरोघरी गेले. १९२४ पर्यंत लढा चालला आणि धरण झाले. लढा मोडण्याची कारणे अनेक, पण एक आमच्या विषयाला अगदी लागून आहे. पुष्कळ जमिनी सावकारांकडे गेलेल्या होत्या. कागदावर मालक पुण्यातले, नांगरावर हात मावळ्याचा. कंपनीने आणि सरकारने ज्यांच्याशी बोलणी केली त्यांत कागदावरचे मालक होते, आणि त्यांना मोबदला पटला. भेटी झाल्या नाहीत असे नाही. बुडणार होता त्याच्याशी झाल्या नाहीत.

आज मावळात जमीन रोज विकली जाते. २००२ साली एक्स्प्रेसवे पूर्ण झाल्यापासून मुंबईचा माणूस दोन तासांत इथे येतो, पण सौदा करायला तेवढेही येण्याची गरज उरलेली नाही. एजंट फोनवर नकाशा पाठवतो, कुलमुखत्यारपत्रावर सही होते, आणि घेणारा व देणारा एकमेकांचे तोंड पाहतात ते फार तर दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात, फोटो काढताना. आपल्या धर्मग्रामात जमीन विकलेली घरे आहेत, घेतलेलीही आहेत, आणि एजंटचे काम करणारे दोघे-तिघेही दर रविवारी आमच्यासमोर बसतात. त्यांना आम्ही दोष देत नाही. त्यांच्यामुळे कित्येक सौदे सुरळीत होतात. पण सातबाऱ्यावर क्षेत्र असते, नाव असते, पीक असते, बोजा असतो. त्या शेतातून कोण चालत जाते हे बहुधा नसते. वाडीच्या बायका विहिरीकडे जातात ती पायवाट वहिवाटीची असते, कागदाची नव्हे. कुंपण पडले की मग तहसीलदारांकडे अर्ज. अडवलेली वाट मोकळी करण्यासाठी मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ पासून आहे. पण तिथे जाणाऱ्या बाईची मजुरी त्या दिवशी बुडते, आणि तारखा एकाहून जास्त असतात.

आमच्या ओळखीच्या एका मुंबईच्या कुटुंबाने काही वर्षांपूर्वी मावळात वीस गुंठे घेतले. भाव ठरला होता, कागद वकिलांनी तपासले होते. नवरा-बायको म्हणाले, ज्यांची जमीन घेतो त्यांना एकदा भेटायचे आहे. एजंटला ते आवडले नाही. भेट झाल्यावर म्हातारा भाव वाढवून मागेल, असे त्याने सांगून पाहिले. ते गेले. म्हाताऱ्याने भाव काढलाच नाही. तो त्यांना बांधाबांधाने फिरवत राहिला, इथे आंबा होता, इथे पाणी साठते, असे सांगत. एका कोपऱ्यात थांबला आणि खाली पाहत उभा राहिला. एजंटने घड्याळ दाखवले. मग म्हातारा म्हणाला, "इथून आमच्या बाया पाण्याला जातात. कागदावर नाही ते." तेवढ्यात दोघीजणी कळशा घेऊन आल्याच. खरेदी करणाऱ्या बाईंनी त्यांना विचारले, रोज किती खेपा होतात? एक म्हणाली, उन्हाळ्यात आठ. डोक्यावर दोन कळशा घेऊन दोघी समोरासमोर आल्या तर किती जागा लागते, हे त्यांनी तिथेच चालून दाखवले. काठीने मोजले, सहा फूट भरले. कुंपणाचे खांब पुढच्या आठवड्यात रोवले, ते सहा फूट सोडून.